उन्हात मान टाकलेलं झाड खरंच तहानलेलं असतं का?

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो. अशा दिवसांत गच्चीवरच्या जास्वंदीने दुपारी मान टाकली, की हात आधी पाण्याच्या झारीकडे जातो. पण कारण दरवेळी तहान हेच असतं असं नाही.

पानं का कोमेजतात?

पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून, म्हणजेच पर्णरंध्रांतून पाण्याची वाफ बाहेर पडते आणि पान थंड राहतं. कडक उन्हात मुळं जेवढं पाणी ओढतात, त्यापेक्षा जास्त पाणी पानांतून निघून जातं. त्यामुळे माती ओली असूनही पानं मलूल होतात आणि ऊन उतरलं की सावरतात. अशा वेळी पुन्हा पुन्हा पाणी घातलं तर मातीतली हवा कमी होऊन मुळं कुजू लागतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून झाड आणखी कोमेजतं.

पाणी कधी द्यावं?

बोट दोन पेरं मातीत खुपसून पाहावं. ओलावा जाणवला तर थांबावं. माती कोरडी असेल तर तळाच्या छिद्रातून पाणी बाहेर येईपर्यंत द्यावं. सकाळची वेळ उत्तम. पण माती पूर्ण सुकली असेल तर दुपारीही कुंडी सावलीत घेऊन पाणी द्यावं. माती ओली असून सकाळीही पानं मलूलच दिसली, तर मुळं कुजल्याची शक्यता असते.

कुंडीची काळजी

कुंडीच्या भिंती तापल्या की आतली मुळंही तापतात. गडद रंगाची प्लास्टिकची कुंडी जास्त तापते. मातीची कुंडी माठासारखी गार राहते, पण तिच्यातली माती लवकर सुकते. कुंड्या तापलेल्या फरशीवर न ठेवता विटांवर, एकमेकींजवळ ठेवाव्यात. मातीवर पालापाचोळ्याचा दोन इंची थर द्यावा; तो खोडाला मात्र चिकटू देऊ नये. दुपारच्या उन्हासाठी ५० टक्के सावली देणारी हिरवी जाळी बांधता येते.

कोणतं झाड कुठे?

बोगनवेल, अडेनियम आणि चिनी गुलाब कडक ऊन सोसतात. फर्न, कॅलाथिया, पीस लिली यांना सावलीतच ठेवावं.

काय टाळावं?

ऐन उन्हाळ्यात कुंडी बदलणं, मोठी छाटणी करणं आणि कोमेजलेल्या झाडाला खत घालणं टाळावं. करपलेली पानंही लगेच काढू नयेत. खालच्या कोवळ्या पानांवर त्यांचीच सावली असते.