खेळांचें इंजिन आणि त्याचें भाडें

ज्या वस्तूंनीं आपली करमणूक होते त्या घडविण्यास कोणतीं हत्यारें लागतात, याची चौकशी करमणूक करून घेणारा मनुष्य सहसा करीत नाहीं. नाटकास गेलेला प्रेक्षक पडदे कोणी रंगविले हें विचारीत नाहीं, आणि कादंबरी वाचणारास ती कोणत्या कारखान्याच्या खिळ्यांनीं छापली याचें कुतूहल नसतें. आज घरोघर मुलें, आणि खरें सांगावयाचें तर मुलांचे वडीलहि, फोनवर व संगणकावर जे खेळ खेळतात त्यांचीहि गोष्ट तशीच आहे. परंतु २०२३ सालच्या सप्टेंबर महिन्यांत या खेळांच्या हत्याराच्या भाड्यावरून असा कांहीं गहजब उडाला, कीं एरवीं पडद्याआड असणारें तें हत्यार एकदम रंगभूमीच्या मध्यभागीं येऊन उभें राहिलें. ही हकीकत थोडी मागून सांगणें अवश्य आहे. मागचा इतिहास ठाऊक नसेल, तर ‘वीस सेंटांसाठीं एवढी ओरड कशाला?’ असें कोणासहि वाटेल. प्रथम आम्हांसहि तसेंच वाटलें होतें.

खेळ म्हणजे केवळ हलतीं चित्रें नव्हेत. चेंडू भिंतीवर आपटला म्हणजे किती वेगानें परत यावा, दिव्याचा उजेड पाण्यावर कसा पडावा, खेळणाराचें बोट टेंकतांच पात्रानें उडी केव्हां मारावी, हें सर्व गणित कोणीतरी आधीं लिहून ठेवावें लागतें. तें प्रत्येक खेळासाठीं नव्यानें न लिहितां एकदांच लिहून अनेक खेळांस लावतां यावें, अशी जी तयार रचना, तिला गेम इंजिन म्हणतात. अमेरिकेंतील इड सॉफ्टवेअर या मंडळीचा ‘डूम’ हा खेळ १९९३ सालीं व ‘क्वेक’ १९९६ सालीं निघाला. ‘क्वेक’चें इंजिन परवाना घेऊन इतरांनींहि वापरलें; व्हॅल्व्ह कंपनीचा १९९८ चा विख्यात ‘हाफ-लाइफ’ त्याच पायावर उभा आहे. त्याच वर्षीं टिम स्वीनी यांच्या एपिक कंपनीनें ‘अनरीअल’ काढला, व त्याचेंहि इंजिन परवान्यानें जाऊं लागलें. परंतु हा सारा व्यवहार बड्या घरचा होता. दोघां-चौघां मित्रांनीं मिळून खेळ करावयाचा म्हटलें, तर त्या दुकानाची पायरी चढण्याचीहि त्यांची ऐपत नसे. (इडचे जॉन कारमॅक यांनीं पुढें दोन्ही खेळांची मूळ आज्ञावली सर्वांस खुली करून टाकली. व्यापारांत असा मनुष्य विरळा; पण तो आजचा विषय नव्हे.)

ही पायरी ज्यांनीं सखल केली, ते तिघे तरुण डेन्मार्कांतील कोपनहेगनचे. डेव्हिड हेल्गासन, निकोलस फ्रान्सिस व योआकिम आन्टे यांनीं २००४ सालीं कंपनी काढली ती खेळ करण्यासाठीं. ‘गूबॉल’ नांवाचा त्यांचा खेळ बाजारांत पडला. तेव्हां त्यांच्या ध्यानांत आलें, कीं खेळापेक्षां तो करण्यासाठीं आपण बनविलेलें हत्यारच अधिक मोलाचें आहे. तेंच युनिटी. २००५ च्या जून महिन्यांत तें प्रथम लोकांपुढें आलें, तें केवळ ॲपलच्या संगणकांपुरतें. आणि २००९ सालीं त्याची साधी आवृत्ति फुकट करण्यांत आली. पुढील दहा वर्षांत जें घडलें त्यास क्रांति म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. ऑस्ट्रेलियांतील ॲडलेड शहरीं मूठभर माणसांनीं केलेला ‘हॉलो नाइट’, जुन्या व्यंगपटांच्या धर्तीवर हातानें चित्रें काढून केलेला ‘कपहेड’, लोकांस रस्त्यारस्त्यांतून धांवावयास लावणारा ‘पोकेमॉन गो’, साथीच्या वर्षीं घरांत कोंडलेल्या मुलांचा जीव कीं प्राण झालेला ‘अमंग अस’, हे सर्व युनिटीवर रचलेले आहेत.

एपिकनेंहि आपली रीत बदलली. २०१४ सालीं महिना १९ डॉलर व उत्पन्नाचे शेंकडा ५ असा दर ठरला. पुढल्याच वर्षीं महिन्याचें भाडें सुटलें. आणि २०२० पासून एका खेळाच्या पहिल्या दहा लक्ष डॉलर उत्पन्नावर कांहींच द्यावयाचें नाहीं असें झालें. आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा मंडळीचा, त्याच सालीं निघालेला ‘राजी’ हा देवदैत्यांच्या कथेचा खेळ या अनरीअल इंजिनावरच उभारलेला आहे. युनिटीचा मार्ग निराळा. ती उत्पन्नांत वाटा मागत नसे. धंदा वाढला म्हणजे काम करणाऱ्या दर माणसामागें ठराविक वर्षासन द्यावें, मग खेळाच्या शंभर प्रती खपोत कीं कोटि खपोत, हा तिचा अभिमानानें सांगितलेला नियम होता. पुष्कळांनीं युनिटी पत्करली ती या नियमाकडे पाहून, ही गोष्ट वाचकांनीं लक्ष्यांत ठेवावी.

आणखी एक गोष्ट लक्ष्यांत ठेवण्याजोगी आहे. २०१८ च्या डिसेंबरांत युनिटीनें आपल्या करारांतील एक कलम बदललें, आणि लंडनच्या इम्प्रॉबेबल या कंपनीशीं तिचा जाहीर तंटा जुंपला. त्या कंपनीच्या सेवेवर अवलंबून असलेले अनेक खेळ एका दिवसांत अधांतरीं लोंबकळूं लागले. ओरड झाली तेव्हां १६ जानेवारी २०१९ रोजीं युनिटीनें माघार घेतली, आणि एक अभिवचन दिलें: ज्या आवृत्तीवर तुम्हीं काम आरंभिलें, त्या आवृत्तीच्या अटी तुम्हांस लागू राहतील, पुढें अटी बदलल्या तरी जुन्या आवृत्तीवर राहणारास त्यांचा उपद्रव होणार नाहीं. अटींत केव्हां काय बदललें हें कोणासहि ताडून पाहतां यावें, म्हणून त्या सार्वजनिक ठिकाणीं ठेवण्यांतहि आल्या. हें वचन लेखी होतें.

मध्यंतरीं कंपनीचें रूप पालटलें. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचे माजी प्रमुख जॉन रिचितिएल्लो २०१४ पासून तिचे मुख्य चालक झाले होते. २०२० च्या सप्टेंबरांत तिचे भाग न्यूयॉर्कच्या बाजारांत ५२ डॉलरांस एक याप्रमाणें विकले गेले, आणि २०२२ सालीं फोनवरील जाहिरातींचा व्यवहार करणारी आयर्नसोर्स ही कंपनी तिनें आपल्यांत सामील करून घेतली. एवढें होऊनहि हिशेब जुळत नव्हता; २०२२ या एका वर्षाचा तोटा ९२ कोटि डॉलरांचा होता. तेव्हां कंपनीस अधिक पैसा हवा होता, यांत कांहीं गुपित नाहीं व गैरहि नाहीं. इंजिन हें धर्मार्थ अन्नछत्र नव्हे. वर्षानुवर्षें फुकट जेवणाऱ्या पंगतीनें वाढप्यावर डोळे वटारावे, हेंहि आम्हांस शोभादायक वाटत नाहीं.

परंतु १२ सप्टेंबर २०२३ रोजीं जी घोषणा झाली ती निव्वळ भाववाढीची नव्हती. १ जानेवारी २०२४ पासून, युनिटीवर रचलेला खेळ कोणीहि आपल्या यंत्रांत बसवून घेतला, म्हणजे ज्यास इन्स्टॉल करणें म्हणतात तें केलें, कीं त्या प्रत्येक वेळेगणिक खेळ करणारानें कंपनीस पैसे द्यावयाचे होते. खालच्या श्रेणींच्या परवान्यांस, वर्षाचें उत्पन्न २ लक्ष डॉलर व आजवरची एकूण इन्स्टॉल-संख्या २ लक्ष यांपुढें गेल्यावर, दरेकीं २० सेंट, म्हणजे त्या वेळचे सोळा-सतरा रुपये. वरच्या श्रेणींस दोन्ही मर्यादा १० लक्षांच्या, व दर १५ सेंटांपासून उतरता. आणि हा नियम नव्या खेळांसच नव्हे, तर पूर्वींच तयार होऊन बाजारांत गेलेल्या खेळांसहि लागू व्हावयाचा होता.

आमच्या वाचकांस छापखान्याची उपमा जवळची वाटेल. एका गृहस्थानें खिळ्यांच्या कारखान्यांतून रोख पैसे मोजून खिळे आणले, ग्रंथ छापला, विकला. पांच वर्षांनीं कारखानदाराचें पत्र आलें, कीं यापुढें तुमच्या ग्रंथाची प्रत जो जो वाचक कपाटांतून काढील त्याच्या दर वेळेमागें आम्हांस इतके आणे द्यावे. ती संख्या किती झाली हें आमचे आम्हीच ठरवूं. ही शेवटची गोष्ट आम्हीं पदरची घातलेली नाहीं. इन्स्टॉलची मोजदाद कंपनी आपल्याच खासगी गणितानें करणार होती, व तें गणित कसें याचा खुलासा कोणास नव्हता.

आतां हा आंकडा कोठें बोंचतो तें पाहूं. समजा, एक फुकट मिळणारा खेळ वर्षांत २० लक्ष वेळां बसविला गेला, आणि जाहिराती वगैरेंतून दरेकीं सरासरी १५ सेंट मिळाले. उत्पन्न ३ लक्ष डॉलर झालें. पहिले २ लक्ष वगळून उरलेल्या १८ लक्षांवर २० सेंटांप्रमाणें देणें होतें ३ लक्ष ६० हजार! कमाईपेक्षां कर मोठा. कंपनीचें यावर उत्तर असें, कीं अशा माणसानें वर्षास सुमारें दोन हजार डॉलरांचा वरचा परवाना घ्यावा म्हणजे तो मर्यादेंत राहील. शिवाय आमची जाहिरातीची व इतर सेवा वापरल्यास करांत सूट मिळूं शकेल. उत्तर हिशेबास धरून खोटें नव्हतें. पण कराचा रोख कोणीकडे होता तेंहि त्यांतून दिसून आलें. आपल्या देशांत तर खेळ विकत घेण्याची चाल फारशी नाहींच. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचा ‘लुडो किंग’ कोट्यवधि फोनांवर बसला आहे, तो फुकट म्हणून. तो येथें नमुन्यादाखल घेतला आहे, त्याच्या इंजिनाशीं आम्हांस कर्तव्य नाहीं. पण जेथें संख्या अफाट व दरडोई मिळकत कवडीची, तेथें दरडोई कर किती जड जाईल, याची कल्पना त्यावरून यावी.

खेळणारांचा यांत काय संबंध, असें कोणी विचारील. आजवर खेळ विकत घेणारास तो हवा तितक्या वेळां काढतां-बसवितां येई. नवा फोन घेतला, पुन्हां बसविला. आतां त्याच्या या निरुपद्रवी कृतीनें त्याच्या आवडत्या खेळाच्या कर्त्यास भुर्दंड बसणार कीं काय? पुनःपुन्हां बसविल्यास पुनःपुन्हां आकार पडेल काय, या प्रश्नास कंपनीकडून प्रथम होकारार्थी उत्तर मिळालें, आणि गिल्ला होतांच तें फिरविण्यांत आलें. चोरून केलेल्या प्रतींचें काय? एखाद्यानें द्वेषानें हजार वेळां खेळ बसविला तर काय? ज्या चाहत्याच्या हातीं पूर्वीं फक्त वाईट अभिप्राय लिहिण्याचें शस्त्र होतें, त्याच्या हातीं आतां कर्त्याच्या खिशांत हात घालण्याचें साधन येतें कीं काय, अशी धास्ती निर्माण झाली. ती पुरती खरी नसेलहि. पण ज्या घोषणेनें असे प्रश्न पडतात आणि त्यांचीं उत्तरें दिवसागणिक बदलतात, ती घोषणा करणारानें तिचा विचार पुरता केला नव्हता हें उघड आहे.

पुढचे दहा दिवस मोठे धामधुमीचे गेले. ‘कल्ट ऑफ द लॅम्ब’च्या कर्त्यांनीं, १ जानेवारीस आम्ही खेळ बाजारांतून काढून टाकूं तेव्हां आतांच विकत घ्या, असें उपहासानें जाहीर केलें. ‘अमंग अस’ची मंडळी म्हणाली, कीं खेळ दुसऱ्या इंजिनावर हलविण्यांतच आमचा वेळ जाईल, व खेळणारांस हव्या असलेल्या नव्या गोष्टी लांबणीवर पडतील. फोनवरील खेळांच्या अनेक निर्मात्यांनीं संयुक्त पत्रक काढून आपल्या खेळांतील युनिटीच्या जाहिराती बंद केल्या. धमकी आल्यामुळें कंपनीस आपल्या दोन कचेऱ्या बंद ठेवाव्या लागल्या. रागाचें कारण कितीहि न्याय्य असो, या प्रकाराचें समर्थन आम्ही करणार नाहीं. ‘टेरारिया’चे कर्ते रि-लॉजिक यांचा तर युनिटीशीं फारसा संबंध नव्हता, तरी त्यांनीं दोन मुक्त प्रकल्पांस प्रत्येकीं एक लक्ष डॉलर देणगी दिली. त्यांतील एक गोदो. हुआन लिनिएत्स्की व आरिएल मान्सुर या अर्जेंटिनाच्या दोघांनीं रचलेलें हें इंजिन २०१४ पासून सर्वांस खुलें आहे. त्याचें नांव बेकेटच्या नाटकावरून घेतलें आहे. नाटकांतला गोदो शेवटपर्यंत येत नाहीं, पण हा मात्र वेळेवर उपयोगीं पडला.

सर्वांत विचार करावयास लावणारें निवेदन आमच्या मतें ‘स्ले द स्पायर’ हा पत्त्यांचा खेळ करणाऱ्या मेगा क्रिट या छोट्या मंडळीचें. नव्या खेळावर अपार श्रम आधींच खर्च झाले आहेत, तरीहि हे बदल पूर्णपणें मागें घेतले नाहींत आणि अटींना पुढेंहि संरक्षण मिळालें नाहीं, तर आम्ही दुसऱ्या इंजिनावर जाऊं, असा त्याचा आशय होता. वीस सेंटांचा दर कमी करा, असें त्यांत नाहीं. घर बांधणारा भाडेपट्ट्याची मुदत विचारतो, ती भाडें परवडत नाहीं म्हणून नव्हे. भिंती उभ्या राहिल्यावर पट्टा बदलणार असेल, तर त्या जागीं बांधण्यांतच अर्थ नाहीं म्हणून. खेळ करण्यास तीन-चार वर्षें लागतात. तेवढ्या काळांत सारी आज्ञावली, सारीं चित्रें, हातांची सवय, सर्व त्या एका इंजिनाच्या सांच्यांत बसलेलें असतें. तें उचलून दुसरीकडे नेणें म्हणजे पुष्कळ अंशीं पुन्हां आरंभ करणें. म्हणूनच २०१९ च्या वचनाचें मोल होतें. गहजब उडाल्यावर लोकांनीं तें वचन शोधूं लागतांच असें आढळलें, कीं अटी ठेवण्याचें तें सार्वजनिक ठिकाण कधींच नाहींसें झालें आहे, आणि संरक्षणाचें कलमहि नव्या अटींतून गळलें आहे. माणसें खरीं चिडलीं तीं येथें.

२२ सप्टेंबरास कंपनीचे मार्क व्हिटन यांनीं जाहीर पत्र लिहून क्षमा मागितली. साध्या आवृत्तीस कर नाहीं. जुन्या खेळांस नाहीं. पुढील वर्षीं निघणाऱ्या आवृत्तीवर रचलेल्यांस मात्र उत्पन्नाचे शेंकडा अडीच किंवा इन्स्टॉलचा आकार, यांतील जें कमी तें, आणि आंकडे खेळ करणारानेंच कळवावयाचे. ज्या आवृत्तीवर राहाल तिच्याच अटी लागू होतील, हेंहि त्यांत पुन्हां लिहिलें होतें. ९ ऑक्टोबरास रिचितिएल्लो निवृत्त झाल्याचें जाहीर झालें. २०२४ च्या जानेवारींत सुमारें १८०० नोकरांस, म्हणजे चौघांतल्या एकास, निरोप मिळाला. धोरण ठरविणारांत त्यांतले किती असतील याची कल्पना कोणासहि करतां येईल.

नवे चालक मॅथ्यू ब्रॉम्बर्ग यांनीं १२ सप्टेंबर २०२४ रोजीं, पहिल्या घोषणेस बरोबर एक वर्ष भरलें त्या दिवशीं, इन्स्टॉलवरील आकार खेळांपुरता साफ रद्द केला. आणि त्याच पत्रांत माणशीं वर्षासनाचा दर वरच्या श्रेणीस शेंकडा ८ नें वाढवून २,२०० डॉलर केला, सर्वांत वरच्या श्रेणीस शेंकडा २५ नें. या वाढीविरुद्ध मागल्या वर्षासारखी ओरड झाली नाहीं. त्या आधींच, एप्रिलांत, मेगा क्रिटनें ‘स्ले द स्पायर’च्या दुसऱ्या भागाची घोषणा केली होती. तो गोदोवर रचला जात होता. आकार रद्द झाल्यावरहि ती मंडळी परत फिरली नाहीं.