यकृताची साक्ष

व्हिसेराच्या, म्हणजे मृताच्या आतल्या अवयवांच्या, बरण्या तपासण्यात माझी सारी नोकरी गेली. पोलीस विचारायचे, पोटात काय सापडलं? मी म्हणायचो, आधी यकृत बघू द्या. पोटातला सोमल मेल्यानंतरही कोणी ओतू शकतो; यकृतात आणि मूत्रपिंडांत मात्र तो मुख्यतः वाहत्या रक्तानेच पोचतो.

ही दृष्टी आम्हाला पॅरिसच्या मातेओ ओर्फिला यांनी दिली. 1839 च्या सुमारास त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून सोमल आतड्यांतून शोषला जाऊन अवयवांत पसरतो हे दाखवलं. पुढच्याच वर्षी फ्रान्समधल्या तूल गावी शार्ल लाफार्जच्या खुनाचा खटला उभा राहिला. स्थानिक रसायनतज्ज्ञांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळेनात. सप्टेंबरात ओर्फिला आले. रसायनतज्ज्ञ मार्श यांच्या 1836 च्या सोमल शोधण्याच्या पद्धतीने त्यांना अवयवांत सोमल मिळाला, अगदी थोडा. तो मातीतून तर आला नाही ना, हे बघायला त्यांनी थडग्याभोवतीची मातीही तपासली, याचं मला फार मोल वाटतं. पत्नी मारीला जन्मठेप झाली.

निरोगी हाडांतही सोमल असतो, हे स्वतःचं मत ओर्फिलांनी नंतर मागे घेतलं. त्यामुळे माझा आदर वाढलाच.

केस आणि नखं उशिरा बोलतात. तिथल्या केराटिनला सोमल चिकटतो, पण काही तासांत मृत्यू आला तर त्याला तेवढी सवड मिळत नाही.