अंगण वाकडं होतं का? मॅक्लारेन, होंडा आणि इंजिन बदलण्याचा प्रश्न

मॅक्लारेननं २०१७ साली होंडाचं इंजिन सोडलं ते बरोबर केलं की चूक, हा वाद फॉर्म्युला वन बघणाऱ्या मंडळींत अजून मिटलेला नाही. होंडाचं पुढे काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे आज "मॅक्लारेननं घाई केली" म्हणणं सोपं आहे. मला ते तितकं सरळ वाटत नाही. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात १९८८ पासून. विल्यम्सनं होंडाच्या इंजिनावर १९८६ आणि १९८७, दोन्ही वर्षं संघांचं विजेतेपद जिंकलं होतं. तरी होंडा त्यांना सोडून मॅक्लारेनकडे गेली. परिणाम? त्या वर्षी १६ पैकी १५ शर्यती मॅक्लारेनच्या, आणि विल्यम्सला जड नावाच्या छोट्या कंपनीच्या इंजिनावर एकही शर्यत जिंकता आली नाही. इंजिन गेलं की घर बसतं, हा धडा इथून सगळ्यांच्या मनात पक्का बसला.

पण त्याच्या उलटा धडाही मॅक्लारेननंच दिलाय. १९९२ नंतर होंडा निघून गेली. पुढच्या वर्षी फोर्डचं विकतचं, कमी ताकदीचं इंजिन, आणि तरी आयर्टन सेन्नानं ५ शर्यती जिंकल्या. १९९४ ला प्यूजो आणलं, एकही विजय नाही, वर्षभरात काडीमोड. १९९५ ला मर्सिडीज आली, पण त्या जोडीचा पहिला विजय उजाडायला १९९७ साल लागलं आणि विजेतेपद १९९८ ला. नवं इंजिन बसवलं आणि पुढच्या रविवारी झेंडा फडकला, असं सहसा होत नाही.

मग २००९ च्या शेवटी मर्सिडीजनं ब्रॉनचा संघ विकत घेतला आणि मॅक्लारेन घरच्या मुलाची गिऱ्हाईक झाली. रॉन डेनिस यांचं म्हणणं असं, की गिऱ्हाईक संघ विजेता होऊच शकत नाही. इंजिन बनवणारा आधी स्वतःच्या संघाचं बघणार. २०१४ ला हायब्रिड इंजिनं आली, मर्सिडीजच्या संघानं १९ पैकी १६ शर्यती जिंकल्या आणि तेच इंजिन असलेली मॅक्लारेन पाचवी आली. डेनिस यांचं बरोबरच होतं असं वाटावं.

फक्त एक गोष्ट बघायची राहिली. त्याच वर्षी तेच गिऱ्हाइकी इंजिन घेऊन विल्यम्स तिसरी आली होती. म्हणजे काहीतरी बिघाड मॅक्लारेनच्या स्वतःच्या गाडीत होता. तो तेव्हाच दिसायला हवा होता. पण होंडाशी करार २०१३ लाच झाला होता, आणि नवं लग्न ठरलं की जुन्या घरातली गळती कोण बघतो.

२०१५ ते २०१७ ही तीन वर्षं आठवली तरी वाईट वाटतं. मॅक्लारेनला मागची बाजू अगदी निमुळती हवी होती, म्हणून होंडानं इंजिन शक्य तितकं आटोपशीर केलं. टर्बोचे भाग त्यात कोंबले गेले. उष्णता वाढली आणि सरळ रस्त्यावर मध्येच विजेची ताकद संपायची. सुटे भाग इतके बदलावे लागले, की २०१५ च्या बेल्जियमच्या शर्यतीत बटन आणि अलोन्सो या दोघांना मिळून १०५ जागा मागे जाण्याची शिक्षा झाली. मैदानात गाड्या होत्या २०! सुझुका ही होंडाची स्वतःची धावपट्टी. तिथे, जपानी साहेब ऐकत असताना, अलोन्सो रेडिओवर ओरडला की हे तर खालच्या दर्जाच्या शर्यतीचं इंजिन आहे. चीड समजू शकते. पण भागीदाराच्या दारात उभं राहून असं बोलायचं नसतं.

२०१७ ला होंडानं सगळी रचना नव्यानं केली आणि ती आणखी बिघडली. ३० गुण, दहा संघांत नववी जागा. त्या काळच्या बातम्यांनुसार होंडा इंजिन फुकट देत होती आणि वर दरवर्षी मोठी रक्कमही. ते सगळं सोडून सप्टेंबरमध्ये सिंगापूरला रेनॉशी करार जाहीर झाला. मॅक्लारेनवाले तेव्हा म्हणत होते, आमची गाडी उत्तम आहे, कमी आहे ती फक्त इंजिनाची.

आणि २०१८ उजाडलं. रेड बुलकडेही रेनॉचंच इंजिन. (आपल्या नोएडाच्या तिन्ही शर्यती २०११ ते २०१३ मध्ये वेटेलनं जिंकल्या, त्याही रेनॉवरच.) रेड बुलनं ४ शर्यती जिंकल्या, ४१९ गुण. मॅक्लारेनचे ६२, आणि वर्षभरात एकदाही पहिल्या तिघांत नाही. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण इतकी चपखल लागू झालेली मी तरी दुसरीकडे पाहिली नाही.

आता होंडा. तिला रेड बुलच्या धाकट्या संघानं, टोरो रोसोनं घेतलं. दुसऱ्याच शर्यतीत, बहारीनला, गॅस्ली चौथा. रेड बुलचा शहाणपणा मला इथे दिसतो. रेनॉशी त्यांचं २०१४ पासून बिनसलेलं, मर्सिडीज-फेरारीनं २०१५ ला दार लावून घेतलेलं. तरी त्यांनी थोरल्या संघात होंडा थेट आणली नाही. धाकट्याच्या गाडीत इंजिन चाचपून बघितलं, होंडाला चुका करायला जागा दिली, आणि मग २०१९ ला आणलं. त्याच वर्षी ऑस्ट्रियात व्हर्स्टापेन जिंकला. होंडाचा हा २००६ नंतरचा पहिला विजय. २०२१ ला तो विश्वविजेता झाला.

मग मॅक्लारेन चुकली का? माझं मत सांगतो. होंडाला सोडण्याचं त्यांनी दिलेलं कारण अर्धवट होतं, पण सोडलं ते बरंच झालं. होंडा असेपर्यंत त्यांना प्रत्येक पराभवाला सबब होती. रेनॉनं त्यांना वेग दिला नाही, आरसा दिला. २०१८ च्या जुलैत एरिक बुलिए यांनी राजीनामा दिला, पुढे नवी माणसं आली, गाडीचा मूळ दोष मान्य झाला, स्वतःचा नवा वाऱ्याचा बोगदा बांधायला घेतला. तेच रेनॉ इंजिन घेऊन २०१९ ला चौथी आणि २०२० ला तिसरी जागा. इंजिनाला हात न लावता!

त्यानंतर कुठे २०२१ ला ते पुन्हा मर्सिडीजकडे गेले. ही वेळ मला योग्य वाटते. घर सावरलं होतं, त्यामुळे नव्या इंजिनाचं खरं मोल कळणार होतं. त्याच वर्षी मॉन्झाला २०१२ नंतरचा पहिला विजय मिळाला. आणि २०२४ ला मॅक्लारेन संघांची विजेती ठरली, विकतच्या इंजिनावर. तेच इंजिन बनवणारा मर्सिडीजचा स्वतःचा संघ त्या वर्षी चौथा होता.

होंडानं पुढच्या पर्वासाठी, २०२६ पासून, ॲस्टन मार्टिनशी करार केला. त्या संघाचा चालक कोण, ते तुम्हाला ठाऊक असेलच. सुझुकाला रेडिओवर ओरडलेला तोच अलोन्सो.