गाडीतल्या दिव्याची परतीची तार

विजेला जायला एक तार आणि परतायला दुसरी, हे आपण शाळेत शिकलो. मोटारीत मात्र ही दुसरी तार शोधायला गेलात तर बहुतेक ठिकाणी सापडायची नाही! परतीचा रस्ता म्हणजे खुद्द गाडीचा पत्रा.

सुरुवातीच्या मोटारींचे दिवे रॉकेलचे नाहीतर कार्बाइडचे. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांनी विजेचा स्टार्टर, बॅटरी आणि दिवे एकत्र आणले. बॅटरीचं एक टोक बॉडीला जोडलं की निम्मी तार वाचते, ही सोय पुढे सर्रास झाली. (जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॉडीला धन टोक जोडत, नंतर ऋण टोक रूढ झालं.)

छतावरच्या दिव्याचं बटण दाराच्या चौकटीत. दार उघडलं की दिव्याची तार पत्र्याला जोडली जाते, दिवा लागतो. आता गंमत पाहा. ही तार कुठे घासून सोलली आणि पत्र्याला टेकली तर फ्यूज उडत नाही, उलट दिवा लागूनच राहतो! आमच्या पुतण्याच्या जुन्या गाडीत हेच झालं. रोज सकाळी बॅटरी उतरलेली. एका गॅरेजवाल्याने नवी बॅटरी गळ्यात मारली, तीही आठवड्यात झोपली. शेवटी एका म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियनने दाराजवळची सोललेली तार शोधली. टेप गुंडाळली, काम झालं.

दिवा लागतच नसेल तर आधी बल्ब आणि फ्यूज. ते ठीक असतील तर दाराच्या बटणाची तार काढून क्षणभर पत्र्याला टेकवायची. दिवा लागला तर दोष बटणात, नाहीतर त्याच्या स्क्रूखालच्या गंजात. आपल्या कोकणच्या हवेत गंजाला काय तोटा!

ही युक्ती जुन्या गाड्यांपुरतीच बरं का. १९८६ मध्ये बॉश कंपनीने कॅन नावाची पद्धत जाहीर केली, आणि पुढे गाडीतली यंत्रं दोन तारांवरून एकमेकांशी बोलू लागली. बऱ्याच नव्या गाड्यांत दाराचं बटण दिव्याला नव्हे, एका छोट्या संगणकाला निरोप देतं. दिवा हळूहळू मंद करायचा की विसरलात म्हणून विझवायचा, ते तो ठरवतो. तिथे तारा टेकवायला जाऊ नका, मल्टिमीटर आणि स्कॅनर लावतात.

आणि जुना बल्ब काढून एलईडी बसवलात, तर दार बंद असतानाही तो कधी कधी मिणमिणतो. पूर्वीच्या बल्बला जी चिमूटभर गळती जाणवतही नव्हती, तेवढ्यावर तो पेटतो.