द्राक्षाची तपासणी झाली, हातांची कधी?



ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की निफाड, दिंडोरी, चांदवडच्या बागांमध्ये बायकांची लगबग सुरू होते. पेठ, सुरगाण्याकडच्या मैत्रिणी पिकअपमध्ये बसून कामाला येतात. काडीला पेस्ट लावायची, फेलफूट काढायची, शेंडे खुडायचे, घड औषधात बुडवायचे, मग विरळणी करायची. नाशिकच्या द्राक्षाचं नाव जगात झालं ते या हातांमुळे. या बागेत औषधं कशी आली, त्यांचे नियम कधी झाले आणि कोणासाठी झाले, हा इतिहास आज आपण बघू.

सुरुवात करू मोरचुदापासून. बोर्डो मिश्रण आपल्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. मोरचूद आणि चुना पाण्यात कालवायचा, झालं बोर्डो. हे नाव फ्रान्समधल्या बोर्डो गावाचं. तिथले बागायतदार रस्त्याकडेच्या वेलींवर हे निळं पाणी शिंपडायचे, का तर येणाऱ्या-जाणाऱ्याने द्राक्षं चोरू नयेत. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की याच वेली केवड्यातून, म्हणजे आपण ज्याला डावनी म्हणतो त्या रोगातून, वाचल्या आहेत. १८८५ मध्ये त्यांनी हा उपाय जगापुढे मांडला. त्यातून जगभरातल्या बागा वाचल्या.

पण गोष्ट इथे संपत नाही. १९६९ मध्ये पोर्तुगालच्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं बोर्डो फवारणाऱ्या मजुरांच्या फुप्फुसांचा एक आजार नोंदवला. त्याला नावच पडलं ‘द्राक्षबाग फवारणाऱ्यांचं फुप्फुस’. औषध वेलीला तारक आहे हे कळलं १८८५ ला. फवारणाऱ्याच्या छातीत काय जातं हे कळायला आणखी ८४ वर्षं लागली. हे अंतर लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा पुन्हा भेटेल.

मग आली डीडीटी. १९३९ मध्ये पॉल म्युलर या स्विस शास्त्रज्ञाने तिचा कीटक मारण्याचा गुण शोधला, १९४८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आपल्या देशात १९५३ मध्ये हिवतापाविरुद्ध मोहीम निघाली, घरोघर भिंतींवर डीडीटी मारली गेली. त्याने असंख्य जीव वाचले, ते नाकारून चालणार नाही. पण हे औषध लवकर विरत नाही. ते मातीत राहतं, चाऱ्यात जातं, चाऱ्यातून जनावराच्या आणि माणसाच्या चरबीत साठतं. १९५१ मध्येच अमेरिकेत आईच्या दुधात त्याचा अंश सापडला होता. म्हणून बाळाला पाजायचं नाही असा अर्थ काढू नका, आईचं दूधच बाळाला सगळ्यात चांगलं. अर्थ एवढाच, की शेतात टाकलेलं शेतात राहत नाही. भारतात शेतीसाठी डीडीटी बंद झाली ती १९८९ मध्ये.

आता कायद्याची गोष्ट. १९५८ मध्ये केरळात एकाएकी माणसं कोसळू लागली. शंभराहून जास्त माणसं गेली. चौकशीत कळलं की मुंबईहून जहाजाने गेलेलं खाण्याचं धान्य-पीठ आणि पॅराथिऑन हे जहाल कीटकनाशक एकत्र ठेवलं होतं. विष सांडलं आणि अन्नात मिसळलं. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, देशाचा कीटकनाशक कायदा झाला आणि १९७१ मध्ये त्याचे नियम आले. आज डब्यावर आपण जो रंगीत त्रिकोण बघतो, तो या कायद्यामुळे. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. ज्या बाईला अक्षर येत नाही तिलाही रंग कळतो.

आता येऊ आपल्या नाशिकला. १९९० नंतर आपली द्राक्षं युरोपला जायला लागली. २००३ मध्ये नेदरलँडमध्ये आपल्या द्राक्षात मेथोमिल या कीटकनाशकाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला. सगळीकडे खळबळ उडाली. त्यानंतर अपेडा आणि मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांनी मिळून तपासणीची पद्धत बसवली. प्रत्येक निर्यातक्षम बागेची नोंदणी, प्रयोगशाळेत नमुना, मग परवानगी. पुढे ‘ग्रेपनेट’ आलं. कोणता घड कोणत्या बागेतला, हे परदेशात बसून कळू लागलं. २०१० मध्ये पुन्हा तसंच झालं. शेंड्याची वाढ रोखायला वापरतात त्या सीसीसीचे अंश द्राक्षात सापडले, कंटेनर युरोपात अडकले आणि कित्येक बागायतदार घरं अडचणीत आली. त्यानंतर तपासणी आणखी कडक झाली. हे चांगलंच झालं.

पण दोन गोष्टी बघा. मेथोमिल युरोपने पकडलं २००३ ला. आपल्या देशात त्यावर बंदी आली २०२३ ला. मधली वीस वर्षं ते आपल्या पिकांवर, आपल्याच माणसांच्या हातून मारलं जात होतं.

दुसरी गोष्ट पेस्टची. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला जे लावतात ते हायड्रोजन सायनामाइड. त्याने कातडी भाजते, डोळ्यांना इजा होते. त्या दिवसांत दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, माणूस कोसळू शकतो. घरातल्या पुरुषांनाही हे सांगा. इटलीत २००२ ते २००४ या काळात यामुळे आजारी पडलेल्या शेतकऱ्यांच्या नोंदी झाल्या आणि २००८ मध्ये युरोपीय संघाने या औषधाला मंजुरी नाकारली. आपल्याकडे ते चालू आहे. हे औषध लावतात नुसत्या काडीला, घड येतो महिन्यांनी. म्हणजे द्राक्ष तपासून त्या हातांचं काय झालं ते कळणारच नाही. जे हातावर आलं ते हातावरच राहिलं.

राज्यात सगळ्यात मोठा धडा मिळाला २०१७ मध्ये, यवतमाळला. कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. त्यांनी विष प्यायलं नव्हतं, ते फक्त कामावर गेले होते.

आणि एक गोष्ट शाळेचा आहार शिजवणाऱ्या गटांसाठी. १६ जुलै २०१३ ला बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत दुपारचं जेवण जेवून २३ मुलं दगावली. जेवणाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आलं होतं. आपल्याकडे रिकामा डबा धुऊन त्यात तेल, डाळ, रॉकेल भरणारी घरं आजही आहेत. औषधाचा डबा कितीही धुतला तरी घरात घ्यायचा नाही. त्याला भोक पाडा, म्हणजे तो कुणी वापरणार नाही.

मैत्रिणींनो, या इतिहासातून एक गोष्ट दिसते. नियम झाले ते एक तर माणसं गेल्यावर, नाही तर गिऱ्हाइकाने माल परत केल्यावर. खाणाऱ्याच्या बाजूने परदेशातलं मोठं गिऱ्हाईक बोललं, म्हणून द्राक्षाची तपासणी सुरू झाली. राबणाऱ्या बाईच्या बाजूने कोण बोलणार? खरं तर फवारणीच्या कामावरच्या माणसाची डॉक्टरी तपासणी आणि संरक्षक कपडे, दोन्हींची तरतूद १९७१ च्या नियमांतच आहे. कागदावर आहे, बांधावर नाही.

म्हणून पुढच्या बैठकीत चार ठराव करा. एक, पेस्टच्या आणि डिपिंगच्या कामाला रबरी हातमोजे मिळाल्याशिवाय हात लावायचा नाही. हे एकटी बोलली तर उद्या तिला काम नाही. म्हणून टोळीने मिळून मुकादमाला सांगायचं. दोन, फवारलेल्या बागेत लगेच शिरायचं नाही, कोणतं औषध कधी मारलं ते विचारायचं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला औषधाचं काम द्यायचं नाही. तीन, कामाचे कपडे वेगळे धुवायचे, घरी गेल्यावर लेकराला घेण्याआधी हातपाय साबणाने धुवायचे. घाम सुटला, लाळ आली, मळमळलं, अंधारी आली तर घरगुती उपाय करत बसू नका, डब्यावरचं लेबल घेऊन थेट दवाखाना गाठा. डॉक्टरांना औषधाचं नाव कळलं तर उपचार लवकर होतो. चार, ग्रामसभेत अर्ज द्या, की छाटणीच्या हंगामात आरोग्य केंद्राने द्राक्षमजुरांची तपासणी करावी.

बागायतदारीण ताईंनाही सांगणं आहे. तुमच्या बागेची नोंद ग्रेपनेटवर आहे. तशीच एक वही ठेवा, तीत औषधाशेजारी ते लावणाऱ्या बाईचं नाव आणि तिला काही त्रास झाला का, एवढं लिहा. घडाचा माग लागतो तसा हातांचाही लागला पाहिजे.