स्वरलिपी, मुद्रण आणि श्रुती : सातारा-सांगली परिसरातील एक प्रयत्न व त्याचे आजचे महत्त्व

प्रस्तावना

हिंदुस्थानी संगीत ही मूलतः गुरुमुखातून आलेली विद्या होय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुद्रणकला व सार्वजनिक शिक्षण यांचा प्रसार झाल्यावर ही विद्या कागदावर कशी आणावी, हा प्रश्न पुढे आला. या प्रश्नाचा विचार सहसा संगीतशास्त्राच्या अंगाने होतो. परंतु तो तितकाच छपाईचाही प्रश्न होता. कोणते चिन्ह छापता येते यावर कोणता सूक्ष्मभेद टिकतो, हे काही अंशी ठरत असते. दक्षिण महाराष्ट्रातील सातारा, सांगली व मिरज या परिसरातील घडामोडींच्या आधारे या संबंधाचा शोध घेणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मिरजेची परंपरा व पलुसकरांची लिपी

पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांच्यामुळे मिरज हे ग्वाल्हेर गायकीचे महाराष्ट्रातील प्रमुख केंद्र बनले. त्यांचे शिष्य पं. विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांचा जन्म कुरुंदवाडचा, शिक्षण मिरजेचे आणि देहावसानही मिरजेतच झाले. १९०१ मध्ये त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. वर्गात अनेक विद्यार्थ्यांना एकाच वेळी शिकवावयाचे तर छापील पुस्तके हवीत, हे ओळखून त्यांनी स्वतःची स्वरलिपी सिद्ध केली आणि स्वतःचा छापखानाही चालविला. त्यांच्या लिपीत मंद्र स्वरावर बिंदू, तार स्वरावर उभी रेघ आणि कोमल स्वराला हलन्तासारखे चिन्ह असते. मात्रांची चिन्हे स्वरांच्या खाली येतात.

पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांची लिपी तुलनेने सोपी आहे. तीत मंद्र स्वराखाली बिंदू व तार स्वरावर बिंदू येतो. कोमल स्वराखाली आडवी रेघ व तीव्र मध्यमावर उभी रेघ असते. त्यांच्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांमुळे ही पद्धती सर्वदूर रूढ झाली. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. स्वरावरील एकच बिंदू पलुसकरांकडे मंद्र सप्तक दर्शवितो, तर भातखंड्यांकडे तार सप्तक. पुस्तक कोणत्या पद्धतीचे आहे हे न पाहता वाचणारा चीज दोन सप्तकांच्या अंतराने चुकीची वाचील.

सातारा-सांगलीतील श्रुतिविचार

वरील दोन्ही पद्धतींत सप्तकाचे बारा स्वर गृहीत धरलेले आहेत. याच सुमारास सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी वेगळी दिशा धरली. प्राचीन ग्रंथांतील बावीस श्रुतींना निश्चित कंपनसंख्या असली पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. १९१० मध्ये त्यांचा या विषयावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे मिरजेस स्थायिक झालेले किराना घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे गायन त्यांनी मोजमापासाठी आधारभूत मानले. सनदी सेवेतील इंग्रज अधिकारी ई. क्लेमंट्स यांनी या कार्यात देवलांना साथ दिली. या दोघांच्या पुढाकाराने सातारा येथे ‘फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही संस्था उभी राहिली. क्लेमंट्स यांचा भारतीय संगीतावरील ग्रंथ १९१३ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला.

देवलांच्या आग्रहाचे मर्म एका उदाहरणाने स्पष्ट होईल. षड्जाची कंपनसंख्या २४० मानली, तर शुद्ध धैवत ५/३ या प्रमाणाने ४०० येतो आणि २७/१६ या प्रमाणाने ४०५. हे दोन्ही स्वर बावीस श्रुतींच्या मांडणीत स्वतंत्र आहेत. सम विभागणीच्या पेटीवर मात्र धैवत सुमारे ४०३.६ येतो, म्हणजे तो या दोहोंपैकी कोणताच नाही. यावर उपाय म्हणून बारांहून अधिक स्वरांची श्रुती-हार्मोनियम तयार करविण्यात आली, तर लेखनासाठी क्लेमंट्स यांनी पाश्चात्य पाच रेघांच्या लिपीत जादा चिन्हांची भर घातली.

१९१६ च्या बडोदे येथील अखिल भारतीय संगीत परिषदेत या हार्मोनियमचे प्रात्यक्षिक झाले. पण तेथे मतैक्य होऊ शकले नाही. गायकाची श्रुती रागानुसार व स्वरसंगतीनुसार बदलते, तिला पट्टीत बांधता येत नाही, हा या प्रयत्नावरील आक्षेप आजही विचारात घेण्यासारखा आहे.

मुद्रणाचा निर्णायक भाग

देवल-क्लेमंट्स यांचा प्रयत्न मागे पडण्यास केवळ शास्त्रीय मतभेदच कारणीभूत झाले, असे म्हणता येत नाही. पाच रेघांच्या लिपीसाठी कोरीव पत्रे किंवा खास खिळे लागत. तीत श्रुतींची जादा चिन्हे घालावयाची तर खर्च व अडचण दोन्ही वाढत. शिवाय ती लिपी मराठी विद्यार्थ्याला परकी होती. याउलट सा, रे, ग, म ही अक्षरे प्रत्येक देवनागरी छापखान्यात होती. अनुस्वार व हलन्त यांचे खिळेही जुळाऱ्याच्या हाताशी होते. छापण्यास सुलभ अशी लिपी शाळांतून रुजली, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. तिची किंमतही मात्र मोजावी लागली. छापील पानावर ‘ध’ हे एकच अक्षर ४०० व ४०५ या दोन्ही स्वरांसाठी उभे राहिले आणि त्यांतील भेद पुन्हा गुरुमुखाकडेच राहिला.

संगणकयुगातील प्रश्न

खिळ्यांची जागा संगणकाने घेतली, तरी प्रश्न संपलेला नाही. पाश्चात्य संगीतचिन्हांना युनिकोडमध्ये २००१ साली स्वतंत्र विभाग मिळाला आणि २०१३ मध्ये संगीत-फाँटसाठी ‘स्मफल’ हे सामायिक मानकही पुढे आले. भातखंडे लिपी टंकित करताना मात्र बहुधा उसनी चिन्हे वापरली जातात. तार सप्तकासाठी अनुस्वार (गं), मंद्रासाठी नुक्ता (नि़), कोमलासाठी वैदिक अनुदात्ताची आडवी रेघ (ग॒) आणि तीव्रासाठी वैदिक स्वराची उभी रेघ (म॑) घेतली जाते. डोळ्यांना हे पान बरोबर दिसते. पण संगणकाच्या लेखी ‘गं’ हा तार गंधार नसून केवळ सानुस्वार अक्षर असते. त्यामुळे शोध, लिप्यंतर किंवा यांत्रिक वाचन यांत अर्थ हरवण्याचा धोका राहतो. पलुसकर पद्धतीचे जुने पुस्तक भातखंडे चिन्हांत उतरविताना तर हा धोका दुणावतो.

निष्कर्ष

कोणतीही स्वरलिपी संपूर्ण संगीत सांगत नाही. काय सांगावे व काय गुरूवर सोपवावे, याची ती निवड असते. पलुसकर व भातखंडे यांनी प्रसाराला प्राधान्य दिले, तर देवल व क्लेमंट्स यांनी अचूकतेला. पहिला मार्ग यशस्वी झाला; परंतु दुसऱ्याने उपस्थित केलेला प्रश्न अनुत्तरितच आहे. महाविद्यालयीन ग्रंथालयांतील जुन्या स्वरलिपी-ग्रंथांचे संगणकीकरण करताना मूळ पानाची प्रतिमा जतन करणे, लिपीची पद्धती व प्रकाशनवर्ष नोंदविणे आणि लिप्यंतर हे मूळ संहितेपासून वेगळे ठेवणे, एवढी दक्षता आवश्यक आहे. ती न घेतल्यास छापील पानाने शंभर वर्षे जपलेली माहिती संगणकाच्या पडद्यावर नकळत पुसली जाईल. इतिहास, संगीत व संगणकशास्त्र या तिन्ही विभागांनी एकत्र येऊन करावे असे हे कार्य आहे.