अन्नातील अदृश्य विष आणि कायद्याची सीमा

अन्नात विष कालवण्याचा अपराध आपल्या प्राचीन दंडनीतीस अपरिचित नव्हता. राजाच्या ताटातील अन्नाची परीक्षा अग्नीने व पक्ष्यांकडून कशी करावी, याचे नियम कौटिल्याने अर्थशास्त्रात सांगून ठेवले आहेत. त्या साऱ्या विचारामागे एक गृहीत आहे: जेथे विष आहे, तेथे ते घालणारा कोणीतरी असलाच पाहिजे. परंतु जे विष कोणीही घातलेले नसते, पावसाच्या ओलीने आणि बुरशीच्या वाढीने जे धान्यात आपोआप उतरते, त्याची जबाबदारी कोणावर ठेवावयाची? विसाव्या शतकात भारतीय शास्त्रज्ञांनी या विषाचा जो माग काढला, त्याकडे आम्ही येथे याच दृष्टीने पाहणार आहोत.

महाराष्ट्रास या विषाचा एक प्रकार भाकरीतूनच भेटला. तत्कालीन मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अरगट रोगाने ग्रासलेली बाजरी खाल्ल्यामुळे लोकांस विषबाधा झाली. पटेल, बोमन व दलाल या तिघांनी तिचा वृत्तांत १९५८ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. मळमळ, वांत्या, भोवळ आणि गुंगी ही अशा बाजरीने होणाऱ्या बाधेची लक्षणे होत. मध्ययुगीन युरोपात राय नावाच्या धान्यावरील अरगटाने माणसांचे हातपाय झडत. बाजरीवरील बुरशी निराळ्या जातीची असल्याने आपल्याकडील बाधा तितकी भीषण नसते. शिवाय हा शत्रू डोळ्यांना दिसतो. कणसात दाण्याच्या जागी काळपट गाठी धरतात आणि धान्य मिठाच्या दाट पाण्यात टाकले असता त्या वर तरंगतात, निरोगी दाणे तळाशी बसतात.

दुसरा शत्रू मात्र अदृश्य निघाला. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अकस्मात मेले. ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड त्यांच्या खाद्यात होती. त्या पेंडीवर अस्पर्जिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढली होती आणि तिच्याच नावावरून तिच्या विषास अफ्लाटॉक्सिन हे नाव पडले. या विषास रंग, वास वा चव यांपैकी काहीही जाणवण्याजोगे नाही. बुरशी पुसून टाकली तरी ते दाण्यात उरते. अग्नीने अन्न शुद्ध होते अशी आपली परंपरागत श्रद्धा आहे, परंतु चुलीवरच्या शिजवण्याने हे विष पुरते नष्ट होत नाही.

ही वार्ता भारतास विशेष चिंतेची होती. प्रथिनांच्या अभावी खंगणाऱ्या बालकांना शेंगदाण्याचे पीठ द्यावे, असे प्रयत्न त्या काळी आपल्याकडे चालू होते. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत तुळपुळे, माधवन व गोपालन यांनी हे विष लहान माकडांना खाऊ घालून त्याचे परिणाम तपासले आणि त्यांच्या यकृतास इजा झाल्याचे १९६४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. माणसाच्या जवळच्या प्राण्यावर झालेला हा प्रयोग होता, म्हणून त्याचे महत्त्व मोठे. पुढील वर्षी माधवन, राव व तुळपुळे यांनी आणखी एक गोष्ट दाखविली: ज्या माकडांच्या आहारात प्रथिने कमी होती, त्यांच्यावर विषाचा आघात अधिक झाला. म्हणजे ज्या कुपोषित बालकासाठी ते पीठ दळावयाचे, तेच या विषास सर्वात आधी बळी पडण्याचा संभव होता.

प्रयोगशाळेतील ही भीती दहा वर्षांनी प्रत्यक्षात उतरली. १९७४ च्या अखेरीस राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांच्या आदिवासी भागांत दीडशेहून अधिक गावांत कावीळ व जलोदर यांची साथ पसरली. ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. त्याच घरांतील कुत्रीही तशाच आजाराने मेली होती. हैदराबादहून गेलेल्या कृष्णमाचारी, भट आदी संशोधकांनी या धाग्यावरून घरातले धान्य तपासले. अवेळी पावसात भिजलेला मका तसाच साठवून ठेवला होता आणि त्याच्या नमुन्यांत किलोमागे ६.२५ ते १५.६ मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन सापडले. पुढे आपल्या नियमांनी किलोमागे ३० मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली. त्या मापाने हा मका मर्यादेच्या दोनशे ते पाचशे पट विषारी होता. मका बुरसटला आहे हे त्या कुटुंबांस दिसत नसेल असे नाही. परंतु घरात दुसरे धान्य नसेल, तर हातचे धान्य टाकून देण्याचे धैर्य माणसाने कोठून आणावे?

आता कायद्याकडे वळू. अन्नभेसळ प्रतिबंधाचा १९५४ चा कायदा दूषित अन्न विकणाऱ्यास त्याचा हेतू न पाहताही दोषी धरीत असे. त्याच्या जागी आलेला २००६ चा अन्नसुरक्षा कायदा व्यवसाय नफ्यासाठी आहे की नाही, हेदेखील पाहत नाही. मात्र शेतकरी आणि त्याच्या शेतावरचे उत्पन्न यांना त्याने आपल्या कक्षेबाहेर ठेवले आहे. ही सूट न्याय्यच आहे, कारण स्वतःच्या शेतातला दाणा खाणाऱ्यास आरोपी कसे करावयाचे? परंतु १९७४ चे मृत्यू नेमके या सीमेच्या आत झाले. तेथे गुन्हेगार नव्हता आणि म्हणून कायद्याला करण्यासारखेही फारसे नव्हते.

आमच्या जोयडा तालुक्यात, बाजारकुणंगच्या परिसरात, हा प्रश्न दूरचा वाटू नये. आपले मुख्य अन्न भात आहे आणि मका-शेंगदाण्याइतकी भातास या विषाची बाधा होत नाही, हे खरे. परंतु सह्याद्रीचा पाऊस कापणीच्या तोंडावर परततो, तेव्हा ओले धान्य कणगीत जाण्याचा धोका येथेही आहेच. बागायतीतील सुपारीही यातून सुटत नाही. तिच्यासाठी आजच्या नियमांत किलोमागे १५ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. हेच तांदूळ, हीच सुपारी भक्तिभावाने देवळाच्या कोठारात येते आणि तेथून संतर्पणाच्या पंगतीत जाते. शेताची सीमा ओलांडून धान्य कायद्याच्या कक्षेत येते ते याच उंबरठ्यावर.

आपण पर्युषित अन्न देवास दाखवीत नाही आणि अक्षतांत मोडका दाणा घेत नाही. आमच्या पूर्वजांस अफ्लाटॉक्सिन ठाऊक होते असा दावा आम्ही करणार नाही, तथापि निवडण्याची ही शिस्त आज उपयोगी आहे, कारण बुरशी फुटक्या व किडक्या दाण्यांतच प्रथम शिरते. देवस्थानच्या व्यवस्थापकांनी कोठारात येणारे धान्य नीट वाळले आहे की नाही ते पाहावे, काळवंडलेले दाणे व सुपारी बाजूला काढावी आणि ती कोणा गरिबास वा गुरांस देऊन पुण्य जोडू नये. आणि ज्या कुळाचे पीक पावसाने भिजले असेल, त्याच्या घरी त्या वर्षी चांगले धान्य पोचेल, एवढी तजवीज अन्नदानाच्या निधीतून करावी. बांसवाड्याच्या त्या घरांत असे एक पोते पोचले असते, तर बुरसटलेला मका फेकून देणे त्यांना शक्य झाले असते.